गोवा: इतिहास, माणसं आणि रान, परत परत विचारले जाणारे प्रश्न

मी फोंडा तालुक्यातला, घरी कोंकणी आणि शाळा मराठीत. पुण्या-मुंबईचे मित्र, नातेवाईक, त्यांच्या ओळखीचे लोक गोव्याला यायच्या आधी किंवा परत गेल्यावर मेसेज करतात, आणि हॉटेल आणि बीच सोडून जे काही विचारतात ते बहुतेक खालचंच असतं. दर वेळी तेच टाईप करण्यापेक्षा एका जागी लिहून ठेवलं. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. गोवा नक्की केवढा आहे? नकाशात तर ठिपक्याएवढा दिसतो.

३,७०२ चौरस किलोमीटर. शेजारचा सिंधुदुर्ग जिल्हा एकटा याच्यापेक्षा मोठा आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. पण एवढ्याशा जागेत तीन वेगळे पट्टे आहेत. एक किनारा, जो सगळ्यांना माहीत असतो. मधे मांडवी आणि झुआरीच्या काठचा सखल पट्टा, जिथे भरतीचं खारं पाणी पार आतपर्यंत येतं आणि जिथे आमची खाजनं आहेत (प्रश्न ६). आणि पूर्वेला सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण हे सह्याद्रीच्या कुशीतले तालुके. येणारा पाहुणा पहिल्या पट्ट्यातूनच परत जातो याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण गोव्याचा इतिहास समजून घ्यायचा तर तो मधल्या आणि तिसऱ्या पट्ट्यातच जास्त सापडतो.

२. सगळा गोवा ४५१ वर्षं पोर्तुगीजांकडे होता ना?

नाही, आणि ही एक गोष्ट समजली की बाकीच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. २५ नोव्हेंबर १५१० ला आफोंसो द आल्बुकेर्कने आदिलशहाकडून घेतला तो तिसवाडीचा भाग, म्हणजे आजची पणजी, जुने गोवे आणि आसपासची बेटं. १५४३ मध्ये बार्देस आणि सासष्टी मिळाले. याला आम्ही जुनी काबिजाद म्हणतो. त्यानंतर सव्वादोनशे वर्षं पोर्तुगीजांची हद्द जवळजवळ एवढीच होती. फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा भाग सौंदेकर राजाचा, तो हैदर अलीच्या स्वारीमुळे १७६३ मध्ये गोव्यात आश्रयाला आला आणि त्याचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, आणि पेडणे, डिचोली, सत्तरी सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८० च्या दशकात गेले. ही नवी काबिजाद. म्हणजे आमच्या फोंड्यात पोर्तुगीज राज्य दोनशे वर्षांच्या आत-बाहेरच होतं, आणि ते आलं तेव्हा सक्तीच्या धर्मांतराचा काळ सरत आलेला होता, लोकांचा धर्म आणि रूढी पाळू असं कबूल करूनच ते आले. पणजीहून फोंड्याला येताना चर्चची गावं संपून देवळांची गावं सुरू होतात ना, ती जुन्या सरहद्दीची खूण आहे.

३. आमचं कुलदैवत मंगेशी आहे. फोंड्यातच एवढी मोठी देवळं एकमेकांना लागून का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, कारण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची कुलदैवतं इथे आहेत. उत्तर असं की ही देवळं मुळात इथली नाहीतच. जुन्या काबिजादीत १५४० पासून देवळं पाडायला सुरुवात झाली, १५६० मध्ये इंक्विझिशन, म्हणजे धर्म मोडला म्हणून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आलं जे मधला थोडा काळ सोडून १८१२ पर्यंत चाललं. तेव्हा गावकऱ्यांनी देव उचलले आणि रात्री होडीतून नदीपलीकडे अंत्रुज महालात आणले, अंत्रुज म्हणजे आजचा फोंडा. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून मार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला. मडगावचा दामोदर जांबावलीला गेला, ते फोंड्याच्या बाहेर आहे पण कारण तेच. आणि नदीपलीकडे राज्य कोणाचं होतं, तर विजापूरच्या आदिलशहाचं. सुलतानाच्या मुलखात आपले देव वाचले, ही गोष्ट शाळेत कोणी सांगत नाही पण ती तशी आहे.

तेव्हाची देवळं साधी होती. आज दिसतात ती मोठी देवळं, समोर दीपमाळ, घुमट, तळी, ही नंतरची. कवळ्याचं शांतादुर्गेचं देऊळ अठराव्या शतकात छत्रपती शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने झालं. काही घराणी फोंड्यावर थांबली नाहीत, कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेली, म्हणून कोंकणी तिथेही बोलतात.

एक अपवाद सांगतो, बांदिवड्याचा नागेश कुठून आणलेला नाही, तो इथलाच आहे. त्यामुळे "फोंड्यातली सगळी देवळं हलवलेली" असं सरसकट म्हणू नका.

४. शिवाजी महाराज गोव्यात आले होते का? संभाजी महाराजांनी गोवा घेतला होता असं वाचलं.

शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये नार्वे इथलं सप्तकोटेश्वराचं देऊळ नव्याने बांधून घेतलं. हा कदंब राजांचा देव, मूळ दिवाडी बेटावरचा, तोही नदीपलीकडे आणलेला (प्रश्न ३ सारखंच). देवळावर शिलालेख आहे, जाऊन बघा, जागा फार शांत आहे. १६७५ मध्ये महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला.

संभाजी महाराजांच्या वेळी १६८३ मध्ये व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आला आणि मार खाऊन परत फिरला. नोव्हेंबरमध्ये मराठ्यांनी जुने गोव्याच्या अगदी समोरचं जुवे बेट घेतलं, नंतर बार्देस आणि सासष्टीत फौजा घुसल्या. शहर पडणार अशी वेळ आली तेव्हा व्हाइसरॉयने सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडून आपला राजदंड संताच्या पायाशी ठेवला. १६८४ च्या सुरुवातीला शाह आलमची मोगल फौज रामघाटातून खाली उतरली आणि मराठ्यांना परतावं लागलं. म्हणजे घेतला नाही, पण अगदी दारापर्यंत आले होते.

५. गोव्याच्या लोकांनी पोर्तुगीजांविरुद्ध बंड केलंच नाही म्हणतात, आणि मग १९४७ ला गोवा का सुटला नाही?

असं म्हणणाऱ्यांना कुंकळ्ळीला न्या. जुलै १५८३ मध्ये तिथल्या गावकारांनी पाच जेझुइट पाद्री मारले, आपली देवळं पाडून वर चर्च बांधायला आले म्हणून. मग पोर्तुगीजांनी गावकारांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे मारलं. गावाने त्यानंतर कितीतरी काळ कर दिला नाही. १७८७ मध्ये पिंटोंचं बंड झालं, ते तर गोंयकार ख्रिस्ती पाद्री आणि लष्करातल्या लोकांनी रचलेलं, त्यात १५ जणांना मृत्युदंड झाला. सत्तरीचे राणे तर पुन्हा पुन्हा उठले, १८५२ मध्ये दीपाजी राणे, १८९५ मध्ये दादा राणे.

१९४७ ला सुटला नाही कारण इंग्रज गेले, पोर्तुगीज वेगळा देश, आणि त्यांचा हुकूमशहा सालाझारचं म्हणणं होतं की गोवा वसाहत नाहीच, तो पोर्तुगालचाच प्रांत. १८ जून १९४६ ला मडगावात राम मनोहर लोहियांनी ज्युलियांव मिनेझिस यांच्याबरोबर जाहीर सभा घेतली तिथून शेवटचा लढा सुरू झाला. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात पत्रादेवीसारख्या सरहद्दीवरच्या नाक्यांवर नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या, त्यात महाराष्ट्रातून आलेले पुष्कळ होते. सांगलीचे मोहन रानडे इथे मराठी शिकवायला आले आणि आझाद गोमंतक दलात गेले. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मोकळा झाला, पण ते पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले १९६९ मध्ये. सात वर्षं उशिरा! इथल्या पोरांनाही हे माहीत नसतं.

६. खाजन म्हणजे काय? शेतात मासे पकडतात ते खरं का?

खरं आहे. नदीच्या मुखाकडच्या खारफुटीच्या दलदलीला मातीचे बांध घालून शेतजमीन केली ते खाजन. सहाव्या शतकाच्या आसपासच्या ताम्रपटात 'खज्जन' असा शब्द आहे, म्हणजे पोर्तुगीज यायच्या हजार वर्षं आधीची ही युक्ती. आज गोव्यात साधारण १८,००० हेक्टर खाजन जमीन सांगितली जाते.

यातली खरी अक्कल मानशीत आहे. मानस म्हणजे बांधात बसवलेला लाकडी झडपांचा दरवाजा. भरतीला नदीचं पाणी चढलं की त्या दाबाने झडपा आपोआप बंद होतात, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आतलं पाणी वर राहतं, ते झडपा ढकलून बाहेर जातं. मोटर नाही, वीज नाही, फक्त चंद्र! आतल्या खोलगट जागेला पोंय म्हणतात, तिथे पाणी साठतं. पावसाळ्यात गोड्या पाण्याने मीठ धुऊन गेलं की कोरगुट नावाचा भात लावतात जो थोडा खारटपणा सहन करतो, भात कापला की पाणी आत घेऊन मासे आणि सुंगटं, आणि काही ठिकाणी मिठागरं. मानशीच्या तोंडाशी जाळं लावायचा हक्क लिलावात जातो. आमच्याकडे कोळंबीला सुंगटं म्हणतात, आणि मानशीवरच्या सुंगटांची चव मी मुंबईत कुठेही खाल्लेली नाही.

७. मग आता खाजनात सगळीकडे खारफुटी वाढलीये, ते निसर्गाला चांगलंच ना?

बांधाच्या बाहेर वाढली तर उत्तम, लाटांपासून बांध तीच वाचवते. बांधाच्या आत वाढली तर ते शेत मेल्याचं लक्षण आहे. बांधाला खेकडे भोकं पाडतात, दर वर्षी चिखल लावून ती बुजवावी लागतात. ते काम थांबलं की एखाद्या अमावस्येच्या मोठ्या भरतीला बांध फुटतो, खारं पाणी आत येतं, दोनचार वर्षांत खारफुटी उगवते, आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्यामुळे ती तोडता येत नाही, म्हणजे शेत कायमचं गेलं. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, पण बाहेरून हिरवंगार दिसलं म्हणून खूश होण्याआधी आत बांध आहे का ते बघा. काम थांबलं का, ते प्रश्न ९ मध्ये.

८. नदीत मगरी आहेत का?

आहेत. कुंभारजुवेच्या कालव्यात, बोटीतून दिसतात. तिसवाडी बेटावर कोणी पोहून येऊ नये म्हणून राजवटींनी त्या सोडल्या अशी गोष्ट सांगतात, ती गोष्टच समजा. मला जास्त मोलाचं वाटतं ते मानगे थापणी. मानगे म्हणजे मगर. आमच्या तालुक्यातल्या बोरी, दुर्भाट अशा खाजनाच्या गावांत पौष अमावस्येला शेतकरी चिखलाची मगर करतात आणि तिची पूजा करतात. ज्या प्राण्याची भीती त्याच्याच बरोबर एका पाण्यात राहायचं आहे तर त्याचा मान ठेवायचा, एवढा साधा विचार.

९. कोमुनिदाद म्हणजे पोर्तुगीजांनी आणलेली पद्धत का?

नाव त्यांचं, पद्धत आमची. मूळ नाव गावकारी. गाव वसवणाऱ्या घराण्यांचे वंशज ते गावकार, जमीन कोणा एकाची नाही तर गावकारीची, शेतं लिलावाने कसायला द्यायची, येणाऱ्या पैशातून बांध, वाटा, तळी, देऊळ यांचा खर्च, उरलं ते गावकारांत वाटायचं. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये या चालीरीती लिहून काढल्या आणि आपला कर लावला. जुन्या काबिजादीत गावकार ख्रिस्ती झाले तरी गावकारी चालूच राहिली, म्हणून आजही ख्रिस्ती गावकार असतात.

मुक्तीनंतर पंचायत आली, कूळकायदा आला. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे योग्यच झालं. पण बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली आणि बऱ्याच ठिकाणी ती जुन्या शिस्तीने झाली नाही. प्रश्न ७ चं मूळ इथे आहे.

१०. देवळात वारूळ कसं? सांतेर कोण?

सांतेरी ही गोव्यातली भूमीदेवी, आणि तिचं रूप म्हणजे वारूळ, आमच्या भाषेत रोयण. कितीतरी गावांत गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी किंवा मूर्तीबरोबर खरं वारूळ असतं. पावसाळ्यात याच रोयणीवर अळमी येतात, म्हणजे रानातली भूछत्रं, आणि रस्त्याच्या कडेला नगावर विकतात, भाव ऐकून पाहुण्यांचे डोळे पांढरे होतात. ही अळमी शेतात लावता येत नाहीत कारण ती बुरशी वाळवीच आपल्या वारुळात पोसते. छत्री उघडायच्या आधीच खणून काढली तर बीजाणू पडत नाहीत, म्हणून मिळाली म्हणून सगळीच उपटणाऱ्याकडून घेऊ नका. सांतेरीची जागा खणायची नाही हा जुना नेम होता, त्यामागचं शहाणपण आता कळतं.

११. गणपतीच्या वर टांगलेलं ते काय असतं?

माटोळी. लाकडी चौकट छताला बांधून तिला रानातली फळं-फुलं टांगतात, कांगोणी, माट्टां, कवंडाळ, आंबाडे, तोरिंगां, सुपारीचे घड. कुठलं फळ कुठल्या डोंगरात हे माहीत असलं तरच माटोळी भरते. माझ्या आजोबांना ते पाठ होतं, मी आता फोंड्याच्या बाजारातून वाटे आणतो.

१२. गोव्यात वाघ आहेत का खरंच?

आहेत. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं एकमेकांना लागून आहेत आणि पलीकडे कर्नाटकात भीमगड, काळी, इकडे महाराष्ट्रात तिळारी, वाघाला सरहद्द कुठे दिसते. कोणी म्हणतं हे बाहेरून येणारे वाघ, इथले नाहीतच. मग सत्तरीत, सांग्यात वाघ्रो देव कुठून आला? वाघेरी डोंगराचं नाव कशावरून पडलं? जानेवारी २०२० मध्ये सत्तरीत गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारलेले सापडले. गुरं मारली जातात, भरपाई मिळायला वेळ लागतो, रानात राहणाऱ्या धनगर-गवळ्याची अडचण खोटी नाही. पण चार वाघ एका वेळी गेले ही जखम आहे. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करा असा आदेश दिला, त्यावर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं.

वाघ दिसेल म्हणून येऊ नका. गवा दिसेल, तो आमचा राज्यप्राणी.

१३. म्हादईचा वाद थोडक्यात सांगा.

मांडवी म्हणजेच वरच्या अंगाला म्हादई, उगम कर्नाटकात खानापूरच्या जंगलात. कर्नाटकला तिला मिळणाऱ्या कळसा-भांडुरा या नाल्यांचं पाणी आपल्या मलप्रभा नदीत वळवायचंय. ऑगस्ट २०१८ च्या लवादाने कर्नाटकला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी दिलं. लोक म्हणतात एवढं पाणी समुद्रात वाहून जातं, मग दिलं तर काय. समुद्रात जाणारं गोडं पाणी वाया जात नाही हो, तेच भरतीचं खारं पाणी मागे ढकलतं. ते कमी झालं की खार आत येतो आणि वरचं खाजनाचं सगळं गणित बिघडतं.

१४. हापूस गोव्याचा का? आणि काजू?

नाव तरी इथूनच. आफोंसो, त्यावरून हापूस, जेझुइटांनी इथे कलमं केली. आम्ही गोंयकार मात्र मानकुराद आंब्यावर जीव टाकतो. काजू, मिरची, अननस, बटाटा, पपई ब्राझील-अमेरिकेकडून पोर्तुगीज जहाजांतून आले, आणि पाव, चावी, पगार, तुरुंग, घमेलं, पेरू, कोबी हे मराठीतले शब्दही त्याच भाषेतून. काजूच्या बोंडाचा रस तो निरो, एकदा गाळला की हुर्राक, परत गाळली की फेणी.

१५. तुमची भाषा कोंकणी की मराठी? महाराष्ट्रात का नाही आलात?

१६ जानेवारी १९६७ ला कौल घेतला. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मतं, फरक ३४,०२१. भाऊसाहेब बांदोडकरांचा सत्ताधारी पक्ष विलीनीकरणाचा होता, तरी लोकांनी नाही म्हटलं, आणि भाऊसाहेबांना परत निवडूनही दिलं. दमण आणि दीवला प्रश्न वेगळा होता, गुजरातमध्ये जायचं का हा. ३० मे १९८७ ला घटक राज्य झालं. त्याच वर्षीच्या कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा, आणि सरकारी कामाला मराठीही चालते. रोमी (रोमन) लिपीत कोंकणी लिहिणाऱ्यांची नाराजी अजून आहे आणि ती समजण्यासारखी आहे, त्यांचे तियात्र म्हणजे नाटकं, वर्तमानपत्रं, प्रार्थना सगळं रोमीत. माझ्यासाठी आजीची गोष्ट कोंकणीत आणि देवळातलं कीर्तन मराठीत, दोन्हीपैकी एक निवडायला मला कधी जमलं नाही.

१६. गोवा म्हणजे बहुतेक ख्रिश्चन ना?

२०११ प्रमाणे हिंदू ६६ टक्के, ख्रिस्ती २५, मुस्लिम ८ च्या वर. चर्च कुठे जास्त दिसतात याचं कारण प्रश्न २ मध्ये. आणि यांच्याही आधीचे गावडे, कुणबी, वेळीप, ज्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. सांग्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्या दगडावर कोरलेले बैल, हरणं, चक्रव्यूह आहेत, ते कोणत्याही राजाच्या आधीचे.

१७. आईवडील गोव्याचे, फ्लॅट मुंबईत. मग वारसाहक्क कुठल्या कायद्याने? पोर्तुगीज पासपोर्टही मिळतो का?

गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, १८७० पासून लागू. वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी अर्धी, आणि मुलं असतील तर अर्ध्याहून जास्त मालमत्ता मृत्युपत्राने बाहेर देता येत नाही. वारसाचा भाग आता नव्या राज्य कायद्यात आलाय. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोव्याचा अधिवासी असेल तर भारतात इतरत्र असलेल्या मालमत्तेलाही हाच कायदा, ते प्रकरण मुंबईतल्याच मालमत्तेचं होतं. तुमचे आईवडील अधिवासी ठरतात का हे मात्र वकिलालाच विचारा.

पासपोर्ट: १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेले, त्यांची मुलं आणि नातवंडं पोर्तुगालात नोंद करू शकतात. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तो पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं.

१८. मे महिन्यात कुर्डी बघायला गेलो, पण गाव दिसलंच नाही. असं का?

धरणात पाणी जास्त असेल तर दिसत नाही. कुर्डी साळावली धरणाखाली गेलं, १९८० च्या दशकात लोकांना वाडे आणि वाल्किणीला हलवलं. त्या धरणाचं पाणी आज दक्षिण गोवा पितो. जुनं महादेवाचं देऊळ दगड दगड सोडवून धरणाजवळ परत उभं केलं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. उन्हाळ्यात पातळी उतरली की घरांचे चौथरे, विहिरी, वाटा वर येतात आणि गावचे लोक सोमेश्वराच्या उत्सवाला आणि चॅपेलच्या फेस्ताला जमतात. यायचं तर त्या दिवशी चौथऱ्यांवर उभं राहून फोटो काढू नका. एखादी म्हातारी बाई पोरांना दाखवत असते, ही आमची चूल, हे तुळशीवृंदावन.